ब्रीदरमधून धूर, डिपस्टिक खाली: रिंगा बदलण्याआधी रिंग आणि पिस्टनचा क्राऊन ओळखा

३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मला एकच फोन पुन्हा पुन्हा येतो. "मिस्त्री, इंजिन ऑइल पितंय, रिंगा टाकून द्या." मुंबईचा भाऊचा धक्का, ससून डॉक, मढ, वर्सोवा, सगळीकडून तेच. गेली बावीस वर्षं मी बोटींची डिझेल इंजिनं उघडतोय. माझा अनुभव असा की अशा फोनांपैकी बऱ्याच ठिकाणी रिंगांचा दोष नसतोच. आणि जिथे असतो, तिथे नवीन रिंगा टाकूनही तीन महिन्यांत तीच बोट परत येते, कारण पिस्टनला कुठली रिंग लागते हे कोणी बघितलेलंच नसतं.

दोन वर्षांपूर्वी एका नाखवांनी माझ्यासमोर प्लास्टिकच्या पिशवीतून रिंगांचे तीन संच काढून ठेवले. एका हंगामात तीनदा काम झालेलं, तिन्ही वेळा पहिल्या रिंगचे तुकडे. त्यातला एक तुकडा मी उचलला. वरचा आणि खालचा, दोन्ही पृष्ठभाग आतल्या कडेला आरशासारखे घासलेले आणि बाहेरच्या बाजूला काळे. रिंग खोबणीत नीट बसतच नव्हती, नुसती फडफडत होती. पिस्टनची वरची खोबण पाचरीच्या आकाराची होती आणि दुकानदाराने सपाट रिंग दिली होती. व्यास बरोबर, जाडी जवळपास बरोबर, आकार चुकीचा. नाखवांचे पैसे गेलेच, शिवाय ऐन सुरमईच्या दिवसांत बोट धक्क्याला लागून राहिली. ती पिशवी बघितल्यापासून हे सगळं एकदा लिहून काढायचं डोक्यात होतं.

लक्षणं

ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून सतत धूर येतो, नळीसमोर तळहात धरला तर ऑइलचे बारीक थेंब लागतात. सकाळी थंड इंजिन उचलायला वेळ लागतो, सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. एक्झॉस्टला निळसर धूर, आणि तो गरम झाल्यावरही जात नाही. ऑइल लवकर काळं पडतं आणि कमी होतं. लोड दिला की इंजिन दबतं, जाळं ओढताना पूर्वीचा वेग मिळत नाही. फिलर कॅप सैल केली तर ती जागेवर नाचते.

यातलं एखादंच लक्षण असेल तर रिंगांवर ठपका ठेवू नका. तीन-चार एकत्र असतील तरच पुढे जा, आणि खाली दिलेल्या क्रमानेच जा. आधी फुकटातलं, मग शंभर-दोनशेचं, हेड उघडायचं सगळ्यात शेवटी.

पहिलं: वही आणि डिपस्टिक

ऑइल खरंच कमी होतंय का? ओहोटीला बोट गाळावर टेकते आणि एका अंगाला कलते. त्या वेळी डिपस्टिक बघितली तर खोटी पातळी दिसते. एका खलाशाने ओहोटीला बघून दोन लिटर ऑइल ओतलं, पुढच्या दिवशी भरतीला चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, वरपर्यंत भरलेला. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळते, त्याची वाफ ब्रीदरने बाहेर पडते आणि सगळे म्हणतात रिंगा गेल्या. बोट सरळ तरंगत असताना, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, एकाच माणसाने पातळी बघायची आणि किती तास चाललं, किती ऑइल टाकलं हे लिहायचं. चार फेऱ्यांची नोंद असेल तर माझं अर्धं काम तिथेच होतं.

बोटीच्या तळातलं पाणी बघा. त्यावर ऑइलचा तवंग असेल तर ऑइल जळत नाहीये, गळतंय. पातळी उलट वाढत असेल तर त्यात डिझेल किंवा पाणी जातंय. ऑइल दुधासारखं पांढरट झालं असेल तर तिथेच थांबा, इंजिन पुन्हा सुरू करू नका. तो कूलर, गॅस्केट किंवा लायनरच्या (ज्या नळीत पिस्टन खाली-वर होतो तिच्या) सीलचा मामला आहे. तसंच चालवलं तर बेअरिंगं जातील.

दुसरं: ब्रीदर, हवा, पंखा

ब्रीदरची जाळी खारट हवेत आणि ऑइलच्या चिकट गाळात चोंदते. मग चेंबरमधला दाब क्रँकच्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. जाळी डिझेलमध्ये धुवून, वाळवून परत बसवायला वीस मिनिटं लागतात. एअर क्लीनरचंही तेच. हवा कमी पडली की काळा धूर होतो. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, निळा म्हणजे जळणारं ऑइल, आणि पांढरा म्हणजे बहुतेक वेळा थंड सिलिंडरमधलं न पेटलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. रंग सकाळच्या उजेडात, गरम इंजिनावर बघा. संध्याकाळी सगळेच धूर सारखे दिसतात.

बोटीच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, जाळ्याचा तुकडा किंवा दोर गुंडाळला असेल, किंवा तळाला शिंपले चढले असतील, तर इंजिनावर लोड वाढतो, पिस्टन तापतात आणि त्याच तापाने पुढे रिंगा खरोखर चिकटतात. म्हणून पंखा बघायचा राहून जाऊ देऊ नका.

टर्बो असेल तर इनटेकचा पाइप काढून आत हाताचं बोट फिरवा. आत ऑइल ओलं आणि भरपूर असेल तर टर्बोचा सील संशयित. इथे एक धोका मनापासून सांगतो. ब्लोबाय, म्हणजे रिंगांवरून चेंबरमध्ये निसटणारा गॅस, फार वाढला आणि ब्रीदर इनटेकला जोडलेला असेल, तर इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून ओढायला लागतं. डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही, उलट रेस वाढतच जाते. अशा वेळी इनटेकचं तोंड जाड फळीने झाकायचं, हाताने कधीच नाही, आणि हवा तुटेपर्यंत सगळ्यांनी बाजूला व्हायचं.

तिसरं: कुठला सिलिंडर?

ब्रीदरमधून धूर एकसारखा येतो की ठेक्यात फुसफुसतो, हे मंद रेसवर कान देऊन ऐका. ठेका असेल तर बहुधा एकच सिलिंडर दोषी आहे. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरा सैल करून तो सिलिंडर तोडता येतो. ज्या सिलिंडरला ठेका मंदावतो, तो दोषी. नटाभोवती कापड गुंडाळा, डोळ्यांना चष्मा लावा आणि फवाऱ्यासमोर हात आणू नका. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठायचं. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिथे, हा प्रयोग बिलकुल करायचा नाही.

चौथं: कम्प्रेशन

डिझेलचा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे इंजेक्टर काढलेले, डिझेल बंद. सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर लिहा. एकूण आकड्यापेक्षा आपसातला फरक महत्त्वाचा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथे काहीतरी आहे.

त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वर गेला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पद्धत बरोबर आहे, पण डिझेलमध्ये हात आवरा. सिलिंडर एक लिटरचा आणि कम्प्रेशन १७ ला १ असेल तर पिस्टन वर आल्यावर फक्त ६२ मिलिलिटर जागा उरते. त्यात अर्धा कप ऑइल ओतलंत तर जागाच भरून जाईल, आकडा फुगेल आणि जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकेल. चहाचे दोन चमचे पुरे.

हवेचा कॉम्प्रेसर असेल तर त्याहून चांगली परीक्षा होते. पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना इंजेक्टरच्या भोकातून हवा सोडा आणि ऐका. फिलरमधून सूं आवाज आला तर रिंगा. एक्झॉस्टमधून आला तर व्हॉल्व्ह. हेडर टँकमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीत, बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. हवा सोडताना क्रँक अचानक फिरू शकतो, म्हणून पाना क्रँकला लावून ठेवू नका.

इथपर्यंत रिंगा दोषी ठरल्या नाहीत तर इंजिन उघडू नका. नोझल तपासून घ्या, टॅपेट लावून घ्या, बोट चालवा.

पाचवं: हेड उघडल्यावर काय वाचायचं

इथून पुढे मी सावकाश लिहिणार आहे, कारण पैसे इथेच वाया जातात.

पुसण्याआधी बघा. क्राऊन म्हणजे पिस्टनचा माथा. त्यावरचा काजळीचा थर सगळीकडे सारखा आणि कोरडा असेल तर ठीक. कडेकडेने ओलं, काळं, चमकदार असेल तर ऑइल खालून वर येतंय. एकाच जागी धातू खाल्ल्यासारखा, खडबडीत दिसत असेल तर वरचा इंजेक्टर थेंब थेंब गळत होता. तिथे नवीन रिंग टाकून काही होणार नाही, नोझल न बदलता चढवलेला नवा पिस्टनही त्याच जागी जळेल.

मग लायनरच्या वरच्या कडेला नख फिरवा. जिथे पहिली रिंग परतते, त्याच्या वर न घासलेला काठ उरतो. नख अडकलं तर तो काठ उभा आहे. जुनी रिंग त्या काठाच्या आकाराची झालेली असते. नवीन रिंगची कड धारदार असते, ती काठाला आपटते आणि एक तर स्वतः तुटते, नाही तर पिस्टनचा लँड, म्हणजे दोन खोबण्यांमधला भाग, फोडते.

लायनर किती गेला हे मायक्रोमीटर नसतानाही कळतं. रिंग लायनरमध्ये टाका, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फिलर गेजने मोजा. एकदा वर, काठाच्या जरा खाली, आणि एकदा तळाशी, जिथे लायनर घासत नाही. समजा वर ०.९५ मिमी, खाली ०.४५. फरक ०.५० झाला. त्याला ३.१४ ने भागा. लायनर वर साधारण ०.१६ मिमी मोठा झालाय. त्याची परवानगीची मर्यादा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात असते. नवीन रिंगची फट मात्र नेहमी तळाशी मोजायची, कारण तिथेच ती सगळ्यात कमी असते. ढोबळ हिशेब १०० मिमी व्यासाला ०.३ ते ०.४ मिमी. फट फार कमी पडली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांवर दाबतात आणि रिंग लायनर ओरबाडते.

पिस्टन ओळखणं

खिशात दोरीला बांधलेलं चुंबक ठेवा. क्राऊनला चिकटलं नाही तर पिस्टन ॲल्युमिनियमचा. आपल्या मासेमारी बोटींवर बहुतेक हेच. चिकटलं तर क्राऊन पोलादी किंवा बिडाचा.

ॲल्युमिनियमच्या पिस्टनमध्ये वरच्या खोबणीभोवती वेगळ्या, करड्या रंगाचा पट्टा दिसतो का बघा. ती निकेल घातलेल्या बिडाची कडी असते, ओततानाच पिस्टनमध्ये धरलेली. ॲल्युमिनियम तापल्यावर मऊ पडतं आणि रिंग त्यात खोबण रुंद करत जाते, म्हणून ती कडी. तिचं प्रसरण ॲल्युमिनियमच्या जवळपास असतं, त्यामुळे ती सुटत नाही. या कडीला चुंबक सहसा धरत नाही, तेव्हा ती डोळ्यानेच ओळखायची. कडी आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नखाला फट लागली तर पिस्टन बाद. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त पिस्टनांना ही कडीच नसते, आणि दिवसरात्र लोडवर चालणाऱ्या बोटीत ते टिकत नाहीत.

माथ्यावरचा खड्डा बघा. त्याची खोली, कडेचा आकार, व्हॉल्व्हसाठी कोरलेल्या जागा आणि पुढची बाजू दाखवणारा बाण, हे सगळं जुन्या-नव्याशी ताडून बघा. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची व्हर्निअरने मोजा. एकाच व्यासाचे दोन पिस्टन या उंचीत वेगळे असतात. कमी असेल तर कम्प्रेशन मिळणार नाही, जास्त असेल तर माथा हेडला आपटेल. शंका असेल तर माथ्यावर शिशाची तार ठेवून, हेड कसून, हाताने एक फेरा द्या आणि चेपलेली तार मोजा.

पिस्टन उलटा करून आत बघा. क्राऊनच्या खाली एक-दोन भोकं दिसली तर आत ऑइलची पोकळी आहे आणि ब्लॉकमध्ये तिच्यावर ऑइल मारणारा जेट आहे. पिस्टन घालताना रॉड त्या जेटला लागून तो वाकतो, आणि मग क्राऊन तापून वरची रिंग काजळीत चिकटते. एकच सिलिंडर वारंवार बिघडत असेल तर मी सगळ्यात आधी जेट बघतो.

क्राऊन आणि स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) यांच्यामध्ये जोडाची रेघ दिसली आणि खालून बोल्ट असतील, तर तो दोन भागांचा पिस्टन आहे. पोलादी क्राऊन, खाली ॲल्युमिनियमचा किंवा बिडाचा स्कर्ट. टग, बार्ज, मोठे जनरेटर यांत हे असतात. ते बोल्ट ठरावीक ताणाने, ठरावीक क्रमाने कसायचे असतात. इथे थांबा आणि त्या इंजिनाचं काम करणाऱ्या वर्कशॉपला बोलवा.

मोठ्या जहाजाच्या टू-स्ट्रोक इंजिनात तर गोष्टच वेगळी. तिथे पोलादी क्राऊनच्या खोबण्यांना क्रोमचा थर असतो आणि लायनरला ऑइल वेगळ्या नळ्यांतून मिळतं, त्यामुळे खालची ऑइल रिंग नसतेच. रिंगा स्कॅव्हेंज पोर्टमधून, म्हणजे लायनरमधल्या हवेच्या खिडक्यांतून, बघतात, लाकडी काठीने दाबून स्प्रिंग जिवंत आहे का ते पाहतात. ते जहाजावरच्या इंजिनिअरचं काम, नियम पाळून, हवा बंद करून. बोटीच्या मिस्त्रीने त्यात हात घालू नये.

रिंग ओळखणं

काढलेल्या रिंगा क्रमाने गोणपाटावर मांडा, सिलिंडरचा नंबर आणि वरची बाजू खडूने लिहून. एकत्र डब्यात टाकल्या की पुरावा गेला.

पहिली रिंग: व्हर्निअरने जाडी बाहेरच्या कडेला आणि आतल्या कडेला मोजा. आत पातळ भरली तर ती पाचरीची रिंग. तिला खोबणही पाचरीचीच लागते. खोबणीत आत-बाहेर सरकताना तिची बाजूची फट बदलत राहते आणि काजळी चुरडून निघते, म्हणून तापणाऱ्या इंजिनांत ती घालतात. एकाच बाजूला उतार असलेलीही येते. पाचरीच्या खोबणीची झीज नेहमीसारखी फिलर गेज घालून कळत नाही, वर्कशॉपकडून मोजून घ्या. सपाट रिंग असेल तर नवीन रिंग खोबणीत धरून बाजूची फट मोजा. लहान इंजिनात ती ०.१५ मिमीच्या पुढे गेली असेल तर माझ्या मते पिस्टन बदलायचा. रुंद खोबणीत नवीन रिंग म्हणजे वर सांगितलेली पिशवी.

रिंगची लायनरला टेकणारी बाजू कुठल्या रंगाची आहे तेही बघा. चंदेरी, कठीण चमक म्हणजे क्रोम. मधोमध मंद करडा पट्टा म्हणजे मॉलिब्डेनम. सगळीकडून काळपट म्हणजे साधं बीड. लायनरला क्रोम असेल तर क्रोमची रिंग कधीही घालायची नाही, दोन्ही एकमेकांना फाडतात. जुन्या रिंगच्या याच बाजूवर एखाद्या भागात काळा डाग असेल तर तिथे ती लायनरला टेकत नव्हती, गॅस तिथूनच खाली जात होता. उभे ओरखडे असतील तर ऑइल किंवा थंड पाणी कमी पडलं होतं.

दुसऱ्या रिंगची लायनरला टेकणारी बाजू बहुतेक वेळा तिरकी असते आणि तिची धार खाली असावी लागते, म्हणजे उतरताना ती ऑइल खरवडून नेते. उलटी बसली तर तेच ऑइल वर नेते. नवीन काम करूनही निळा धूर आला की मला पहिला संशय हाच येतो. रिंगवर इंग्रजी अक्षरांत 'टॉप' किंवा ठिपका कोरलेला असतो, ती बाजू क्राऊनकडे. आतल्या कडेचा उतार बघून अंदाज बांधू नका, तो काही रिंगांना वर असतो, काहींना खाली. खूण दिसत नसेल तर दुकानदाराकडून त्या संचाचा कागद मागा.

तिसरी ऑइलची. तिच्या मागे गोल स्प्रिंग असते. स्प्रिंगचा जोड रिंगच्या तोंडाच्या बरोबर विरुद्ध बाजूला ठेवायचा. तिच्या फटी आणि पिस्टनमधली भोकं काजळीने बुजलेली असतील तर रिंग नवीन असूनही ऑइल खाली जाणार नाही.

बंदीत दोन महिने उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंगा गंजून किंवा काजळीत चिकटून बसतात. छिन्नी मारू नका. पिस्टन रात्रभर डिझेलमध्ये बुडवा, सकाळी हाताने सैल होतात का बघा. पुष्कळदा रिंगा चांगल्याच निघतात, नुसत्या अडकलेल्या असतात.

रिंगा आणायला जाताना जुनी रिंग, शक्य तर पिस्टनही, सोबत न्या. मुंबईच्या नागदेवी बाजारात व्हर्निअर आणि फिलर गेज दोन्ही मिळतात, एकदाच घ्यायचे. मुंबईच्याच दारूखाना भागात जहाजांचे सुटे भाग मिळतात ते उपयोगी आहेत, पण वापरलेली रिंग तिथून घेऊ नका. ती दुसऱ्या लायनरच्या आकाराची झालेली असते.

कुठे थांबायचं

लायनर मर्यादेबाहेर गेला असेल, क्राऊनच्या खड्ड्याच्या कडेला तडा असेल, गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) हाताने हलत असेल, किंवा चेंबरमध्ये बेअरिंगचा चमकणारा चुरा सापडला असेल, तर धक्क्यावर काम करू नका. इंजिन वर्कशॉपला न्या. आणि तापलेल्या मोठ्या इंजिनाचं क्रँककेसचं दार लगेच उघडू नका. आतल्या ऑइलच्या वाफेला बाहेरची हवा मिळाली की स्फोट होतो. किमान अर्धा तास थांबा, संशय असेल तर त्याहून जास्त.

जोडल्यानंतर

रिंगांची तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर ठेवा. पिस्टन हातोड्याच्या लाकडी दांड्याने हलके ठोकत उतरवा. मध्येच अडला तर जोर लावू नका, एखादी रिंग, रिंगा दाबून धरणाऱ्या पट्ट्यातून, सुटलेली असते. लायनर गुळगुळीत काचेसारखा झाला असेल तर होनिंग, म्हणजे दगडाने आतून बारीक खरवडणं, करून घ्या, नाही तर नवीन रिंगा बसणारच नाहीत. डोल जाळं लावणारे डोलीवाले भरती-ओहोटीची वाट बघत तासन्‌तास इंजिन मंद ठेवतात, त्यांचे लायनर असे झालेले मी फार पाहिलेत.

त्याच कारणाने नवीन काम झालेलं इंजिन धक्क्याला बांधून दिवसभर मंद चालवू नका. गरम झालं की बंदरातून बाहेर काढा आणि अर्ध्या ते पाऊण लोडवर, रेस थोडी कमी-जास्त करत दोन-तीन तास चालवा. गॅसचा दाबच रिंगेला लायनरवर बसवतो. परत आल्यावर ब्रीदरसमोर तळहात धरा. पहिल्या दिवशी थोडी वाफ येईल. तिसऱ्या फेरीनंतर तळहाताला नुसती ऊब लागली पाहिजे, आणि हात कोरडा राहिला पाहिजे.